पोटॅशियम जाते कुठे, हे कुणी विचारलेच नाही

प्रति,
गोव्याच्या सरकारी आरोग्यसेवेचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून मोठ्या रुग्णालयांपर्यंत रोज रुग्ण तपासणारे सर्व डॉक्टर यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका सोमवारी मी माझ्या वहिनीचे औषध आणण्यासाठी सरकारी आरोग्य केंद्रात गेले होते. औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर तिशी-पस्तिशीची एक बाई बसली होती, खरे म्हणजे तिला बसवून ठेवले होते. एका बाजूने नवरा आणि दुसऱ्या बाजूने दीर तिला धरून होते. तिच्या मांडीवर पाण्याची मोठी बाटली होती आणि दर दोन मिनिटांनी ती तिच्यातून घोट घेत होती. "पांयांत बळच ना गे," ती मला म्हणाली. वर्षभरात हे तिसऱ्यांदा झाले होते. दर वेळी सलाइन लावतात, दोन दिवसांनी उभे राहता येते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू होते, असे तिच्या नवऱ्याने सांगितले. थोड्या वेळाने तिला आत नेऊन सलाइन लावले. बाटलीवर डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, लिहिलेले मी दारातूनच वाचले आणि न राहवून आत जाऊन डॉक्टरांना हात जोडले की आधी हिच्या रक्तातले पोटॅशियम तपासा. ते तरुण होते आणि बाहेर साठ-सत्तर माणसांची रांग होती, तरी त्यांनी माझे ऐकून घेतले आणि रक्त काढायला सांगितले. पण ही तपासणी त्या केंद्रात होत नाही, नमुना बाहेर जातो आणि अहवाल दुसऱ्या दिवशी येतो, असे तिथेच कळले. संध्याकाळी त्या बाईला घरी पाठवण्यात आले. त्याच सकाळी खिडकीवर मला सांगण्यात आले होते की वहिनीचे औषध यापुढे इथून मिळणार नाही.

या दोन गोष्टी एकाच दिवशी डोळ्यांसमोर घडल्या, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. मी एका मराठी प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. पण गेली सहा वर्षे वहिनीची फाइल मी सांभाळते आहे, आणि त्या फाइलमधून जे शिकले ते आपल्यापुढे ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

२०१९ च्या जून महिन्यात, पाऊस नुकताच धरला होता तेव्हा, वहिनी विळीवर नारळ खवत बसली होती आणि खवून झाल्यावर तिला उठता येईना. त्या वेळी ती ३८ वर्षांची होती. आधी आम्हाला वाटले की पायाला मुंग्या आल्या असतील. मग भावाने तिला काखेत धरून उभे केले, तर तिचे गुडघे कापडासारखे दुमडले. जवळच्या रुग्णालयात नेल्यावर पोटॅशियम २.६ असल्याचे निघाले. निरोगी माणसाच्या रक्तात ते दर लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असते. शिरेतून पोटॅशियम दिले, तिसऱ्या दिवशी ती चालू लागली, सोबत सरबतासारख्या औषधाची एक बाटली देऊन आम्हाला घरी पाठवले आणि "केळी आणि शहाळ्याचे पाणी देत जा" असे सांगितले. आमच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, दोन्हींना तोटा नाही. ती रोज शहाळे प्यायली. तरीही पुढच्या वर्षी पोटॅशियम २.३ आले, त्याच्या पुढच्या वर्षी २.८ आले आणि २०२३ मध्ये एका पहाटे ते १.९ पर्यंत उतरले. त्या पहाटे तिची मान उशीवरून उचलत नव्हती आणि श्वास उथळ झाला होता. पोटॅशियम इतके खाली गेले की श्वासाचे स्नायू थकतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. रुग्णवाहिकेत मी तिचा हात धरून बसले होते आणि तो हात माझा हात परत धरू शकत नव्हता.

या चार वर्षांत इतरही पुष्कळ काही घडत होते. सुकी भाकरी तिला पाण्याशिवाय गिळता येत नव्हती. रात्री ती पाच-सहा वेळा लघवीला उठायची आणि दर वेळी तांब्याभर पाणी प्यायची. डोळ्यांत रेव गेल्यासारखे खुपते म्हणून नेत्रतज्ज्ञांनी थेंब दिले. दाढा एकामागून एक किडून तुटल्या म्हणून दंतवैद्यांनी सहा काढल्या. २०२१ मध्ये मूतखडा झाला, तो शस्त्रक्रियेने काढला आणि "पाणी भरपूर प्या" असे सांगण्यात आले, जणू ती कमी पाणी पीत होती. यांतल्या प्रत्येकाने आपल्यापुढे आलेला त्रास दूर केला आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. परंतु डोळे, तोंड, मूतखडा, रात्रीची लघवी आणि पायांतले बळ ही सारी एकाच बाईची लक्षणे आहेत, हे चार वर्षांत कुणी एका कागदावर मांडून पाहिले नाही.

ते मांडले गेले १.९ च्या त्या पहाटेनंतर. वॉर्डात फेरीला आलेल्या मूत्रपिंडतज्ज्ञ बाईंनी तिला तीन प्रश्न विचारले. सुकी भाकरी घशाखाली उतरते का, रात्री किती वेळा उठता, आणि जेवणात कधी जीभ टाळूला चिकटते का. मग त्यांनी लघवीची आम्लता तपासायला सांगितली. रक्त आम्लाने भरलेले होते, आम्ल शमवणारे बायकार्बोनेट १३ होते, जे २२ च्या वर असायला हवे. अशा वेळी निरोगी मूत्रपिंड लघवी चांगली आम्ल करून शरीरातले आम्ल बाहेर टाकते. वहिनीच्या लघवीचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, मात्र ७ होता, म्हणजे तिच्यात आम्ल जवळजवळ नव्हतेच. रक्तात पोटॅशियमचा दुष्काळ असताना मूत्रपिंडाने ते जपून ठेवायला हवे, दिवसभराच्या लघवीत २० च्या आत जायला हवे, आणि वहिनीच्या लघवीतून ५८ जात होते. पुढे रक्तात अँटी-रो आणि अँटी-ला ही स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, अश्रू मोजायला डोळ्यांत लावलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत दोन मिलिमीटरसुद्धा भिजली नाही, आणि ओठाच्या आतला तुकडा तपासल्यावर शोग्रेन आजाराचे निदान पक्के झाले.

या आजाराला स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांचे नाव आहे. त्यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात त्याचे वर्णन केले. शरीराची रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते, त्यामुळे अश्रू आणि लाळ आटतात. दहा रुग्णांपैकी नऊ बायका असतात. काही जणींमध्ये त्याच यंत्रणेच्या पेशी मूत्रपिंडातील बारीक नलिकांभोवतीही जमतात आणि नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात आम्ल बाहेर टाकणारे पंप बंद पाडतात. आम्ल आत साचते आणि पोटॅशियम बाहेर गळते. साचलेल्या आम्लाला तोंड देण्यासाठी हाडांतला चुना झिजतो, तो लघवीत उतरतो, आणि खडा होऊ न देणारे सायट्रेट लघवीत कमी झालेले असल्यामुळे मूतखडे होतात. कधी कधी कोरडेपणा जाणवण्याच्या आधीच पाय लुळे पडतात, म्हणजे मूत्रपिंडाचा त्रास आजाराची पहिली खूण ठरतो.

इथपर्यंतचे ऐकून मला वाटले होते की पोटॅशियम कमी होणे हा परिणाम आहे आणि कारण सापडले म्हणजे संपले. डॉक्टरबाईंनी मला पुढची गोष्ट समजावली आणि माझी खरी तक्रार तिथे सुरू होते. पोटॅशियम महिनोन्महिने, वर्षानुवर्षे कमी राहिले तर तेच मूत्रपिंडाला इजा करते. नलिकांच्या पेशींत पोकळ्या पडतात. लघवी दाट करण्याची ताकद जाते, म्हणून माणूस रात्रभर उठतो आणि सतत तहानलेला असतो. मूत्रपिंड नेहमीपेक्षा जास्त अमोनिया तयार करू लागते, त्यातून दाह होतो, नलिकांच्या मधल्या जागेत व्रण धरतो आणि पुढे पाण्याच्या लहान पुटी तयार होतात. सुरुवातीच्या काळात पोटॅशियम भरून काढले आणि भरलेले टिकवले तर यातले पुष्कळसे माघारी फिरते. व्रण एकदा धरला की तो राहतो. वहिनीच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यात दोन्ही दिसले, आजाराच्या पेशीही आणि जुना व्रणही. मूत्रपिंड थकले की रक्तात साचणारे क्रिएटिनिन तिचे १.९ आहे, मूत्रपिंडाची क्षमता साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, ३३ वर आली आहे. रक्तातले पोटॅशियमही एकदा १.९ आणि क्रिएटिनिनही १.९, हा योगायोग माझ्या डोक्यातून जात नाही.

निदान झाल्यानंतर घरी येऊन मी सगळे अहवाल स्वयंपाकघराच्या जमिनीवर तारखेप्रमाणे मांडले. २.६, २.३, २.८, १.९. चारही आकड्यांभोवती कुणीतरी पेनने वर्तुळ केलेले होते, म्हणजे चारही वेळा कुणाच्या तरी लक्षात आले होते. चौथीच्या मुलाच्या वहीत चुकीच्या उत्तराभोवती मी वर्तुळ करते तेव्हा खाली "पुन्हा कर" असे लिहिते आणि तो कुठे चुकला हे शोधायला त्याच्या शेजारी बसते. वहिनीच्या कागदांवर वर्तुळाखाली फक्त औषधाचे नाव आणि मात्रा होती.

आता माझ्या तक्रारी सांगते. त्या कोणा एका डॉक्टरविरुद्ध किंवा एका रुग्णालयाविरुद्ध नाहीत, म्हणून मी नावे घेत नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच, की पोटॅशियमचा आकडा दुरुस्त केला जातो आणि ते जाते कुठे हे विचारले जात नाही. जुलाब, उलट्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे पोटॅशियम उतरते, हे मला मान्य आहे. वहिनीला यांतले काहीच नव्हते, आणि तसे तिच्या केसपेपरवर लिहिलेलेही होते. मग गळती शोधायची ती लघवीत, हे ओघानेच आले. त्यासाठी लागतात त्या लघवीच्या पोटॅशियमची आणि पीएचची तपासणी, रक्तातले बायकार्बोनेट आणि क्लोराइड. मोठी यंत्रे आणि परदेशी पाठवायचे नमुने यांत काही नाही. पुढची तपासणी रुग्णालय पाहून ठरेल, पण हा पहिला प्रश्न चार वर्षे उशिरा विचारला गेला आणि त्या चार वर्षांत व्रण धरला.

दुसरी तक्रार सलाइनची. आपल्याकडे अशक्तपणा म्हटले की ग्लुकोजची बाटली लागते, लोकही ती मागतात आणि बाटली लागली नाही तर उपचार झाला असे त्यांना वाटत नाही, हे मी जाणते. पण ग्लुकोज शिरेत गेले की शरीर इन्सुलिन सोडते आणि इन्सुलिन रक्तातले पोटॅशियम पेशींत ढकलते. आधीच २.४ असलेला आकडा त्यामुळे आणखी खाली जातो. त्याचप्रमाणे रक्तातले आम्ल पाहून घाईने आधी बायकार्बोनेट दिले तरी पोटॅशियम खाली येते. आधी पोटॅशियम, मग आम्ल, हा क्रम पाळावा लागतो, असे मला त्या डॉक्टरबाईंनी दोनदा बजावून सांगितले आणि ते मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. पाय अचानक लुळे पडलेल्या माणसाला तपासणीआधी डेक्स्ट्रोज लावू नये, एवढा एक नियम सर्व केंद्रांच्या भिंतीवर लावायला काय अडचण असावी, हे मला समजत नाही.

तिसरी तक्रार औषधाची, आणि तिच्यावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण घरात रोज भोगावी लागते ती हीच. निदान होण्याआधी वहिनीला जे दिले जात होते ते पोटॅशियम क्लोराइड. त्याने पोटॅशियम काही काळ चढते, पण आम्ल तसेच राहते. या आजारात पोटॅशियम सायट्रेट लागते, कारण ते दोन्ही कामे करते, पोटॅशियम भरते, आम्ल उतरवते, आणि लघवीतले सायट्रेट वाढवून मूतखडाही टाळते. मात्रा रक्त तपासून ठरते आणि औषध बहुधा जन्मभर घ्यावे लागते. आता दुकानात काय होते ते सांगते. एकदा भाऊ बाजारातून बाटली घेऊन आला. रंग तोच, चव साधारण तीच, आणि दुकानदाराने सांगितले होते की हे तेच औषध, फक्त कंपनी वेगळी. मी बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले, तर ते डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट होते. लघवीची जळजळ कमी करायला ते वापरतात. त्यात सोडियम आहे, पोटॅशियम अजिबात नाही. ज्या घरात बारीक अक्षर वाचणारे कुणी नाही त्या घरातली बाई ते महिनाभर घेत राहील आणि एका सकाळी पुन्हा उठू शकणार नाही.

सरकारी केंद्रातून योग्य औषध दीड वर्ष मिळाले, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. आता ते बंद झाले. कारण विचारले तेव्हा यादीत नाही, स्थानिक खरेदी थांबली आहे, एवढेच उत्तर मिळाले. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. माझा चेहरा पाहून त्याने मला धीर द्यायचा म्हणून सांगितले की काळजी करू नका, डायलिसिस सुरू झाले की सगळे मोफत असते. घरी येईपर्यंत बसमध्ये मी तेच वाक्य मनात घोळवत होते. देशात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि गोव्यात सरकारी रुग्णालयांत ही सोय आहे, ती असायलाच हवी; मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार चार तास यंत्राला जोडून राहावे लागते आणि त्याच्या घरच्यांची काय ओढाताण होते ते मी शेजारच्या घरात पाहिले आहे. पण जे औषध माझ्या वहिनीला त्या यंत्रापासून दूर ठेवू शकते त्याची बाटली यादीत बसत नाही आणि ते यंत्र बसते, ही व्यवस्था मी मुकाट्याने स्वीकारू शकत नाही.

चौथी तक्रार आहारपत्रकाची. मूत्रपिंडाचा रुग्ण म्हटल्यावर वहिनीच्या हातात छापील कागद दिला गेला. केळी बंद, शहाळे बंद, नारळ बंद, टोमॅटो बंद, भाज्या पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या. मूत्रपिंड पुष्कळ निकामी झालेल्या आणि पोटॅशियम साचणाऱ्या रुग्णासाठी तो कागद बरोबर आहे, त्याच्यासाठी एक शहाळेसुद्धा धोक्याचे ठरू शकते. वहिनीचे पोटॅशियम गळत होते. तिने तो कागद भिंतीला चिकटवून तीन आठवडे प्रामाणिकपणे पाळला, नारळाशिवाय आमटी केली, चवथीच्या दिवशी खतखते ही नारळ घातलेली भाजीसुद्धा खाल्ली नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्या पिंढऱ्यांत गोळे येऊ लागले. तपासले तर पोटॅशियम ३.१ वरून २.७ वर आले होते. उलट पुढे मूत्रपिंडाची क्षमता आणखी घटली तर तेच पोटॅशियम साचू लागेल आणि आज लागणारे औषध उद्या जास्त होईल. म्हणूनच या रुग्णांना छापील कागद उपयोगी नाही. त्यांचे रक्त ठरावीक अंतराने तपासून त्याप्रमाणे औषध आणि आहार दोन्ही बदलावे लागतात.

आणखी एक गोष्ट. नलिकांभोवतीचा हा आजार मुका असतो. पायांना सूज नाही, रक्तदाब वाढत नाही, लघवीच्या पट्टीवर प्रथिन फारसे दिसत नाही, क्रिएटिनिन चढते ते उशिरा. वहिनीची लघवी तीनदा पट्टीवर तपासली गेली आणि तीनदा "नॉर्मल" आली. काणकोण तालुक्यात मूत्रपिंडाच्या विकाराने गांजलेली कुटुंबे आपल्या सर्वांना माहीत आहेत. तिथल्या आजाराचे कारण निराळे असेल, पण नलिकांच्या मधल्या भागाला गुपचूप होणारी इजा पट्टीवर दिसत नाही, हा धडा गोव्याने एकदा घेतलेला आहे. तो इतर तालुक्यांतही वापरला जावा. याच गोव्यात १८४२ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. इथे ज्ञान नाही असे मी कधीच म्हणणार नाही, कारण माझ्या वहिनीचे निदान इथेच झाले. ते ज्ञान बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आमच्या गावापर्यंत उतरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या मागण्या मी साध्या शब्दांत मांडते.

जुलाब, उलट्या किंवा औषध असे उघड कारण नसताना ज्या रुग्णाचे पोटॅशियम ३.५ च्या खाली आले, त्याच्या लघवीचे पोटॅशियम आणि पीएच, तसेच रक्तातील बायकार्बोनेट आणि क्लोराइड तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, असा लेखी आदेश सर्व सरकारी केंद्रांना जावा. दुसऱ्यांदा तसे झाले तर त्याला मूत्रपिंडतज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊनच पाठवावे, आणि त्या चिठ्ठीवर डोळे कोरडे आहेत का, तोंड कोरडे आहे का, दात किडतात का, मूतखडा झाला आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असावीत. ते चार प्रश्न नर्सबाईसुद्धा विचारू शकतात, दोन मिनिटे लागतात.

प्रत्येक तालुक्यात किमान एका ठिकाणी रक्तातील इलेक्ट्रोलाइट्सची, म्हणजे पोटॅशियमसारख्या क्षारांची, तपासणी चोवीस तास आणि तासाभरात अहवाल मिळेल अशी व्हावी. पाय लुळे पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीचा अहवाल उपयोगाचा नाही. शक्य तिथे ईसीजी लगेच काढावा, कारण पोटॅशियमची उतरण कधी कधी त्यावर आधी दिसते. आणि तोपर्यंत डेक्स्ट्रोज लावू नये.

पोटॅशियम सायट्रेट सरकारी औषधांच्या यादीत घ्यावे आणि निदान झालेल्या रुग्णांना ते खंड न पडता आपल्या जवळच्या केंद्रातून मिळावे. औषध दुकानांना स्पष्ट सूचना द्यावी की त्याऐवजी सोडियमचे सायट्रेट परस्पर देऊ नये. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून २०१६ पासून लहान कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे, ही गोव्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. तिचा विस्तार करताना रुग्णालयात दाखल न होता घरी घ्यायच्या अशा जन्मभराच्या औषधांचा आणि तपासण्यांचा विचार व्हावा. प्रतिपिंडांच्या तपासणीचा खर्च आमच्यासारख्या पगारदार घरालाही जाणवला. मग ज्या बाईचा नवरा रोजंदारीवर आहे तिने ती तपासणी पुढे ढकलली तर तिला दोष कसा देणार?

मूत्रपिंड, सांधे व संधिवात, नेत्र आणि दंत या विभागांची महिन्यातून एक दिवस एकत्र ओपीडी असावी. वहिनीला चार विभागांच्या चार तारखा असतात, चार दिवस बस, चार दिवस कुणाची तरी रजा, आणि प्रत्येक ठिकाणी सुरुवातीपासून तीच कथा. एकाच दिवशी चौघांनी एकच फाइल पाहिली तर आमचे श्रम वाचतील, आणि एकाने दिलेल्या औषधाने दुसऱ्याचा उपचार बिघडत नाही ना, हेही लगेच दिसेल. दाढ दुखते म्हणून वहिनीला वेदनाशामक गोळ्या पाच दिवस दिल्या गेल्या होत्या. तिच्या मूत्रपिंडासाठी त्या गोळ्या घातक आहेत हे दंतविभागातल्या कुणाला माहीत असण्याचे कारणच नव्हते, कारण मूत्रपिंडाचा कागद दुसऱ्या विभागात होता.

शेवटची मागणी छोटी आहे. अशा रुग्णांना खिशात मावेल असे एक कार्ड द्यावे. त्यावर आजाराचे नाव, नेहमीचे पोटॅशियम, "पोटॅशियम आधी, बायकार्बोनेट नंतर, ग्लुकोज टाळा, वेदनाशामक टाळा" एवढे मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत छापलेले असावे. वहिनीसाठी मी ते हाताने लिहून प्लास्टिकमध्ये घालून दिले आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता तिला त्रास झाला तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ते कार्ड वाचले, लावायला काढलेली बाटली बाजूला ठेवली आणि पोटॅशियम तपासायला पाठवले. सकाळपर्यंत ती बसून चहा पीत होती.

वहिनीची संपूर्ण फाइल माझ्याकडे तारखेप्रमाणे लावलेली आहे आणि ती कुणालाही दाखवायला तिने मला परवानगी दिली आहे. शाळा दुपारी सुटते, त्यानंतर आपण बोलावाल तिथे मी ती घेऊन येईन. वहिनी सध्या रोज तीन वेळा औषध घेते, बाजारातून विकत आणून. तिचे पोटॅशियम ३.६ आहे, ती पुन्हा विळीवर बसते आणि स्वतःच्या पायांनी उठते.

त्या सोमवारी बाकावर बसलेल्या बाईचा फोन नंबर मी घेतला होता. दुसऱ्या दिवशी तिचे पोटॅशियम २.४ आले, असे तिच्या नवऱ्याने कळवले. तिला पोटॅशियम क्लोराइडची बाटली आणि केळी खाण्याचा सल्ला मिळाला आहे. तिची लघवी अजून कुणी तपासलेली नाही. येत्या गुरुवारी शाळेतून रजा घेऊन मी तिला मूत्रपिंडाच्या ओपीडीत नेणार आहे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
उत्तर गोवा